मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके पाहून तिने ओळखलं, डीएनए एका जागी बसून राहत नाही

एका बाईने मक्याच्या शेतात क्रांतिकारी शोध लावला, जगाने तिला वेड्यात काढलं आणि तीस वर्षांनी त्याच जगाने तिला नोबेल दिलं. बार्बरा मॅक्लिंटॉक या नावाबरोबर ही गोष्ट सोशल मीडियावर कायम फिरत असते.

गोष्ट ऐकायला भारी आहे, पण ती अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग जास्त इंटरेस्टिंग आहे, कारण त्याचा संबंध थेट कॅन्सर, हिमोफिलिया आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंशी येतो.

तर ही गोष्ट सुरुवातीपासून बघूया.

नाव बदललेली मुलगी

१६ जून १९०२ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड शहरात तिचा जन्म झाला. वडील होमिओपॅथीचे डॉक्टर होते. चार भावंडांमध्ये ती तिसरी. आईवडिलांनी आधी नाव ठेवलं होतं एलिनॉर. पण मुलीचा स्वभाव बघून त्यांना ते नाव फारच नाजूक वाटायला लागलं आणि एलिनॉरची बार्बरा झाली.

१९०८ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहायला आलं. शाळेत असतानाच बार्बराला विज्ञानाची गोडी लागली. पुढे कॉलेजला जायचं तिने ठरवलं, पण आईचा विरोध होता. जास्त शिकलेल्या मुलीचं लग्न जमणार नाही ही भीती. वडील तेव्हा पहिल्या महायुद्धामुळे लष्करी सेवेत होते. ते परत आले, मुलीच्या बाजूने उभे राहिले आणि १९१९ मध्ये बार्बराने कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला.

केस कापलेले, शेतात काम करताना पँट घातलेली आणि संध्याकाळी जॅझच्या ग्रुपमध्ये बँजो वाजवणारी ही मुलगी कॉलेजमध्ये उठून दिसायची. तिला जनुकशास्त्राची इतकी आवड लागली की पदवी पूर्ण व्हायच्या आधीच प्राध्यापक हचिसन यांनी तिला पुढच्या अभ्यासक्रमाला बसायचं आमंत्रण दिलं. १९२७ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तिने वनस्पतिशास्त्रात पीएचडी मिळवली.

मकाच का?

आपल्याकडे पावसाळ्यात गाडीवर भाजून मिळणारं कणीस बहुतेक एकाच रंगाचं असतं. पण मक्याच्या कितीतरी जातींमध्ये जांभळे, लाल, पिवळे, पांढरे आणि ठिपक्याठिपक्यांचे दाणे एकाच कणसावर येतात.

आता यातली गंमत अशी, की कणसावरचा प्रत्येक दाणा म्हणजे स्वतंत्र बी असतं. म्हणजे एकाच आईची शेकडो पिल्लं रांगेत बसलेली. कोणाला कोणता गुण मिळाला हे दाणे सोलायच्या आधीच डोळ्यांना दिसतं. जनुकशास्त्राच्या अभ्यासकाला याहून सोयीचं काय हवं?

अडचण एकच होती. मक्याच्या पेशीतली गुणसूत्रं नीट ओळखता येत नव्हती. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा गुंडाळलेला धागा, ज्यावर जनुकं बसलेली असतात. बार्बराने पेशी रंगवण्याची पद्धत सुधारली आणि मक्याच्या दहाही गुणसूत्रांना त्यांच्या लांबीवरून आणि गाठींवरून वेगवेगळं ओळखून दाखवलं.

१९३१ मध्ये त्यांनी हॅरिएट क्रायटन या विद्यार्थिनीबरोबर आणखी मोठं काम केलं. पुढच्या पिढीत गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर एकमेकांत बदलले जातात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध केलं. तोवर हा तर्क होता, आता पुरावा मिळाला. त्याच वर्षी जर्मनीत कर्ट स्टर्न यांनी फळमाशीत तेच दाखवलं, पण मक्याचा पेपर थोडा आधी आला.

म्हणजे तिशीच्या आतच बार्बरा मॅक्लिंटॉक हे नाव त्यांच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत होतं. नोकरी मात्र पक्की नव्हती. फेलोशिपवर दिवस काढावे लागत होते. १९३३ मध्ये त्या फेलोशिप घेऊन जर्मनीला गेल्या, पण हिटलर नुकताच सत्तेत आला होता. तिथलं वातावरण बघून त्या लवकरच परतल्या.

तुटलेल्या टोकांचं काय होतं?

१९३६ मध्ये मिसुरी विद्यापीठात त्यांना सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली. तिथे लुईस स्टॅडलर मक्यावर क्ष-किरण सोडून त्याची गुणसूत्रं तोडत होते. तुटल्यानंतर पुढे काय होतं, हे बार्बरांना बघायचं होतं.

त्यांना एक विचित्र चक्र सापडलं. तुटलेलं टोक उघडं राहत नाही. दोन तुटकी टोकं एकमेकांना चिकटतात. पुढे पेशीचे दोन भाग व्हायची वेळ येते तेव्हा या जोडलेल्या गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी ओढ बसते आणि मध्ये पुलासारखा ताणलेला धागा दिसतो. शेवटी तो पूल तुटतो, पण दर वेळी वेगळ्या जागी. त्यामुळे एका पेशीला काही जनुकं जास्त मिळतात, दुसरीची काही जनुकं गायब होतात. पुन्हा टोकं उघडी, पुन्हा चिकटणं, पुन्हा पूल, पुन्हा तुटणं.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात आली. गुणसूत्राचं मूळचं, नैसर्गिक टोक असं कुठेही चिकटत नाही. म्हणजे त्यावर काहीतरी संरक्षण असणार. हर्मन मुलर यांनी त्याच काळात या टोकांना टेलोमिअर हे नाव दिलं. हे टेलोमिअर कसं काम करतं याच्या शोधाला २००९ मध्ये नोबेल मिळालं.

आणि ते तुटण्या-चिकटण्याचं चक्र? ते आज कॅन्सरच्या पेशींमध्ये दिसतं. टेलोमिअर झिजून टोकं उघडी पडली की हेच चक्र सुरू होतं आणि गाठ वाढवणाऱ्या जनुकांच्या प्रतीवर प्रती तयार होऊ शकतात. १९३०च्या दशकात मक्यात पाहिलेली ही गोष्ट आजही कॅन्सरच्या पुस्तकात त्याच नावाने शिकवली जाते.

मिसुरीत मात्र त्यांना बढतीची चिन्हं दिसेनात. त्या तिथून बाहेर पडल्या आणि १९४१च्या अखेरीस न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या कार्नेगी संस्थेच्या जनुकशास्त्र विभागात रुजू झाल्या. सुरुवात तात्पुरत्या नेमणुकीने झाली, पण आयुष्याची पुढची पन्नास वर्षं त्यांनी तिथेच काढली. शिकवायची सक्ती नाही, सोबत सूक्ष्मदर्शक आणि मक्याचं छोटं शेत. त्यांना एवढंच हवं होतं.

ठिपक्यांची भाषा

१९४४ मध्ये बार्बरा अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून आल्या. तिथे पोहोचलेल्या त्या फक्त तिसऱ्या महिला. १९४५ मध्ये त्या अमेरिकेच्या जेनेटिक्स सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. याच काळात त्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या शोधामागे लागल्या होत्या.

त्यांच्या शेतातल्या काही दाण्यांवर विचित्र ठिपके यायला लागले होते. कुठे मोठे, कुठे बारीक, काही ठिकाणी ठिपक्यात ठिपका. त्या स्वतः कणसांवर कागदी पिशव्या चढवायच्या, ठरवून परागीकरण करायच्या, वर्षभर वाट बघायच्या आणि मग एकेक दाणा तपासायच्या.

ठिपका मोठा असेल तर बदल दाणा वाढताना लवकर झाला, कारण बदललेल्या पेशीला वाढायला भरपूर वेळ मिळाला. ठिपका बारीक असेल तर बदल उशिरा झाला. दाण्यावरची नक्षी म्हणजे पेशींच्या आत काय झालं याची रोजनिशीच होती. ती वाचायला फक्त बार्बरा शिकल्या होत्या.

त्यांना दिसलं, की नवव्या गुणसूत्रावर एक ठरावीक जागा आहे आणि गुणसूत्र नेमकं तिथेच तुटतं. त्या जागेला त्यांनी डिसोसिएशन, थोडक्यात डीएस, असं नाव दिलं. पण डीएस एकट्याने काहीच करत नव्हता. त्याला आदेश देणारा दुसरा घटक पेशीत असेल तरच तोडफोड व्हायची. त्या दुसऱ्याचं नाव अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे एसी.

आणि मग धक्का बसला. एका झाडात डीएस नवव्या गुणसूत्रावर वेगळ्याच जागी सापडला. त्याने जागा बदलली होती! एसीही फिरत होता. १९४८ पर्यंत त्यांची खात्री पटली होती.

डीएस उडी मारून रंगाच्या जनुकात जाऊन बसला की ते जनुक बंद पडायचं आणि दाणा रंगहीन व्हायचा. काही पेशींमध्ये तो तिथून निघून गेला की जनुक पुन्हा चालू, आणि तेवढ्याच जागी रंगाचा ठिपका. म्हणजे जो घटक गुणसूत्र तोडत होता, तोच जनुकं चालू-बंदही करत होता. डीएनएची मोडतोड आणि जनुकाचं वाचन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या ठिपक्यांमध्ये लिहिलेलं होतं.

हे सगळं कधी चाललंय बघा. डीएनएची दुहेरी साखळी अजून सापडायची होती, ती १९५३ मध्ये सापडली. जनुकं म्हणजे माळेतल्या मण्यांसारखी, आपापल्या जागी पक्की बसलेली, असं बहुतेक सगळे मानत होते.

मग जगाने खरंच दुर्लक्ष केलं का?

१९५० मध्ये बार्बरांचा पेपर प्रसिद्ध झाला. १९५१च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडलं. भाषण लांब, आकडेवारीने भरलेलं आणि समजायला अत्यंत कठीण होतं. प्रतिसाद थंड मिळाला. काहींना ते कळलं नाही, काहींना पटलं नाही. बार्बरा मनातून दुखावल्या गेल्या. १९५३ मधल्या आणखी एका पेपरनंतर त्यांनी या विषयावर मोठ्या नियतकालिकांत लिहिणं जवळपास थांबवलं. संस्थेच्या वार्षिक अहवालात मात्र नोंदी देत राहिल्या.

व्हायरल पोस्ट इथे थांबतात. पण पूर्ण चित्र वेगळं आहे.

मक्यावर काम करणाऱ्या इतरांनी हे घटक उड्या मारतात हे लवकरच मान्य केलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये ब्रिंक आणि निलन यांनी १९५२ मध्ये आपल्या मक्यात असाच फिरता घटक दाखवला. पीटर पीटरसन यांनाही स्वतंत्रपणे तसाच एक सापडला. विज्ञानाचे इतिहासकार नॅथॅनिएल कम्फर्ट यांनी बार्बरांची कागदपत्रं तपासून नेमका हाच मुद्दा मांडला आहे.

खरा वाद उड्यांवर नव्हता, त्यांच्या अर्थावर होता. बार्बरांचा प्रश्न खूप मोठा होता. झाडाच्या प्रत्येक पेशीत तीच जनुकं असतात, तरी एक पेशी मूळ होते आणि दुसरी पान, हे कसं? त्यांच्या मते हे फिरते घटक म्हणजे जनुकांचे नियंत्रक होते आणि जीव घडवण्याचं काम तेच करत होते. म्हणून त्या त्यांना जंपिंग जीन्स नाही, तर नियंत्रक घटक म्हणायच्या.

इतकी मोठी उडी घ्यायला बाकीचे तयार नव्हते. त्यांच्या मते हा मक्याचा एक विचित्रपणा असू शकत होता.

पुढे काय झालं? १९६१ मध्ये पॅरिसचे फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जिवाणूंमध्ये जनुकं चालू-बंद करणारी यंत्रणा सविस्तर मांडली. बार्बरांनी लगेच त्याच वर्षी पेपर लिहून मका आणि जिवाणू यांच्यातलं साम्य दाखवलं. जनुकांवर नियंत्रण असतं, ही त्यांची मूळ कल्पना खरी ठरली. पण रोजचं नियंत्रण फिरत्या घटकांच्या उड्यांनी होत नाही. बहुतेक वेळा जनुकाजवळ येऊन चिकटणारी प्रथिनं ते काम करतात. म्हणजे बार्बरा एका मुद्द्यावर पूर्ण बरोबर होत्या आणि दुसऱ्यावर अर्ध्या.

नोबेल आलं, पण कशासाठी?

१९६०च्या दशकाच्या शेवटी जिवाणूंमध्ये फिरणारे डीएनएचे तुकडे सापडले. मग यीस्टमध्ये, फळमाशीत, सगळीकडेच. १९७४ मध्ये अँटिबायोटिकला दाद न देण्याचं जनुक घेऊन उड्या मारणाऱ्या तुकड्याला ट्रान्सपोजॉन हे नाव मिळालं. औषधांना न जुमानणारे जंतू ही आज जगभरातल्या दवाखान्यांची डोकेदुखी आहे आणि ती पसरण्यात या ट्रान्सपोजॉनचा मोठा हात आहे. मक्याचा विचित्रपणा म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट आता सगळ्या सजीवांची गोष्ट झाली होती.

१९८३ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल बार्बरा मॅक्लिंटॉक यांना जाहीर झालं. वय ८१. हे पारितोषिक कोणाबरोबरही वाटून न घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. बातमी त्यांना रेडिओवरून कळली. नोबेल मिळालं ते फिरत्या जनुकीय घटकांच्या शोधासाठी. नियंत्रणाच्या सिद्धांतासाठी नाही.

नोबेलच्या भाषणात त्या मागच्या मानापमानावर अडून बसल्या नाहीत. पेशीवर मोठं संकट आलं, तिचा डीएनए तुटला, की ती कसा प्रतिसाद देते, हा त्यांचा विषय होता. ८१व्या वर्षीही त्यांना पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटत होता.

वाचलं तर तुटतं

त्याच १९८३ मध्ये निना फेडरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसी आणि डीएस यांचे डीएनए वेगळे काढले. कोडं उलगडलं.

एसीमध्ये एक जनुक असतं. पेशीने ते वाचलं, म्हणजे त्याची आरएनए नक्कल काढली (यालाच ट्रान्सक्रिप्शन म्हणतात), की त्यावरून एक कात्रीसारखं प्रथिन बनतं. ही कात्री एसीला आणि डीएसला डीएनएमधून कापून काढते. डीएसकडे स्वतःची चालणारी कात्री नसते, म्हणून तो एसीवर अवलंबून. जिथून तुकडा निघाला तिथे डीएनए तुटलेला राहतो आणि पेशीला तो जोडावा लागतो. जोडताना कधी एखादं अक्षर वाढतं, कधी गळतं.

बार्बरांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. एसी कधीकधी काही पिढ्या झोपी जायचा आणि मग पुन्हा जागा व्हायचा. १९८०च्या दशकाच्या मध्यात कळलं, की झोपलेल्या एसीवर मिथाइल नावाची रासायनिक खूण लागलेली असते. ती असली की जनुक वाचलं जात नाही. वाचलं नाही म्हणजे कात्री नाही. कात्री नाही म्हणजे डीएनए शाबूत.

डीएनए स्थिर राहायचा असेल, तर काही जनुकं न वाचलेलीच बरी. एवढं साधं सूत्र.

आपल्या पेशीत काय चाललंय?

माणसाचा जवळपास निम्मा डीएनए अशाच फिरत्या घटकांपासून आला आहे. त्यातले बहुतेक आता मोडके आहेत, उडी मारू शकत नाहीत. पण लाइन-१ नावाच्या गटातल्या साधारण शंभरेक प्रतींमध्ये अजून जीव आहे.

लाइन-१ची पद्धत वेगळी. तो आधी स्वतःची आरएनए नक्कल काढून घेतो आणि मग त्या नकलेवरून नवी डीएनए प्रत बनवून दुसरीकडे घुसवतो. मक्यात कट-पेस्ट होतं, इथे कॉपी-पेस्ट. म्हणजे इथे तर वाचल्याशिवाय उडीच नाही. म्हणून आपल्या पेशी लाइन-१वर मिथाइलचं कुलूप लावून ठेवतात.

ते कुलूप निसटलं की काय होतं? १९८८ मध्ये हेग कझाझियन यांच्या गटाने हिमोफिलियाच्या २४० रुग्णांची तपासणी केली. त्यातल्या दोघांच्या रक्त गोठवणाऱ्या जनुकात लाइन-१ नव्याने घुसलेला होता. १९९२ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका रुग्णात एपीसी हे गाठ रोखणारं जनुक लाइन-१नेच बिघडवल्याचं दिसलं. अनेक कॅन्सरमध्ये हे कुलूप सैल झालेलं आढळतं.

पण हे घटक फक्त खलनायक नाहीत. जंतूंशी लढणारी असंख्य प्रकारची प्रतिपिंडं बनवायला आपल्या पेशी डीएनएचे तुकडे कापून नव्याने जोडतात. ते करणारी रॅग नावाची कात्री कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका फिरत्या घटकापासूनच आली आहे. ही कात्री जन्मतः बिघडलेली असेल, तर बाळाची प्रतिकारशक्ती जवळपास शून्य असू शकते.

इतकंच काय, ज्या वाटाण्यांवर मेंडेलने जनुकशास्त्राचा पाया घातला, त्यातल्या सुरकुतलेल्या वाटाण्याचं कारणही १९९० मध्ये सापडलं. स्टार्चच्या एका जनुकात एसी-डीएसच्या भावंडासारखा तुकडा घुसला होता. शास्त्र सुरू झालं तेव्हापासून फिरता घटक समोरच होता, फक्त ओळखला कोणी नव्हता.

कणसांसोबतची शेवटची वर्षं

बार्बरांनी लग्न केलं नाही. नोबेलनंतरही त्या कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्येच राहिल्या. २ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी, जवळच्याच हंटिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं.

जगाने हसलं आणि शेवटी ती जिंकली, ही गोष्ट आपल्याला आवडते, कारण त्यात हिरो आणि व्हिलन स्पष्ट दिसतात. पण त्या गोष्टीवर विश्वास ठेवला तर एक चुकीचा धडा मिळतो, की लोक हसले म्हणजे आपण बरोबरच असणार. बार्बरांच्या बाबतीत लोकांची शंका अगदीच फोल नव्हती. त्यांच्या सिद्धांताचा एक भाग टिकला नाही. टिकले ते पुरावे, कारण ते वर्षानुवर्षं एकेक दाणा तपासून गोळा केले होते आणि दुसऱ्या कोणीही तपासले तरी तेच दिसत होते.

आज एखाद्या कॅन्सर रुग्णाच्या अहवालात गुणसूत्रांची मोडतोड किंवा मिथाइलेशन हे शब्द दिसतात. त्यामागचं बरंचसं गणित सगळ्यात आधी मांडलं गेलं ते एका मक्याच्या शेतात, ठिपक्यांच्या दाण्यांवर.